हवाई छत्रीला विडीचा दोरा

कुणी विचारलेलं नसताना बोलायची माझी खोड शाळेपासूनची. त्या खोडीपायी मी बाकावर उभी राहिले, कॉलेजात दोन प्राध्यापकांची नावडती झाले, आणि पुण्यात संरक्षण संशोधनाच्या एका प्रयोगशाळेत लागून जेमतेम दीड वर्ष झालं असताना भर बैठकीत म्हणून बसले, "असला पट्टा आमच्या सोलापुरात विणता येईल."

सत्तरच्या दशकाचा मध्य होता. बैठक होती वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाची. विमान छोटंसंच. आत माणूस नाही. तोफखान्याच्या लोकांना नेमाचा सराव व्हावा म्हणून ते ठरलेल्या वाटेनं उडणार, काम झालं की आपलं आपण इंजिन बंद करणार, पोटातली हवाई छत्री उघडणार आणि अलगद जमिनीवर येणार. उडणं जमत आलं होतं. अडलं होतं ते उतरण्यावर. छत्रीला विमानाशी बांधणारे नायलॉनचे पट्टे परदेशातून यायचे. मागवल्यावर वर्ष-वर्ष वाट बघायची आणि आले की हव्या त्या रुंदीचे नसायचे. मी बोलले तेव्हा टेबलाच्या त्या टोकाला एक ज्येष्ठ अधिकारी हसले. त्यांना आम्ही आपसात 'परदेशवाले' म्हणत असू, कारण स्क्रूसुद्धा बाहेरून मागवावा असं त्यांचं मत होतं. ते म्हणाले, "सोलापूर म्हणजे चादरी ना? मग छत्रीखाली चादर पण लावू या."

सगळे हसले. आमचे साहेब तेवढे हसले नाहीत. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. सडपातळ माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आवाज कधी चढायचा नाही. काहीही सांगा, ते दोनच शब्द विचारायचे, "आणि मग?" मशीन बंद पडलं म्हणा, आणि मग? दुरुस्त केलं म्हणा, आणि मग? त्या दोन शब्दांनी भलेभले घामाघूम व्हायचे. त्या दिवशी त्यांनी मला तेच विचारलं. मी म्हणाले, "मग मी स्वतः उभी राहून विणून घेते." ते म्हणाले, "घ्या. तीन चाचण्या. तिसरीही फसली तर बाहेरून मागवू, आणि मग हा विषय इथे पुन्हा निघणार नाही."

अशी मी माझ्याच गावी सरकारी कामाला आले. वडील गिरणीत फिटर होते, माझं बालपण गिरणीच्या भोंग्यावर उठण्या-झोपण्यात गेलं. वडील नव्हते आता, पण त्यांचे जोडीदार होते. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. अण्णा गिरणीतून निवृत्त होऊन घरच्या पडवीत नवारीचा माग चालवायचे. खाटेची नवार विणावी तर अण्णांनी, असं गावात म्हणत. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांची बायको, आमच्या अक्का, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळत बसायच्या. अक्का विडीकडे बघायच्या नाहीत. गल्लीतून कोण गेलं, कुणाच्या घरी पाहुणे आले, हे बघायच्या. हात आपले चालूच.

मी सुताची रिळं अण्णांपुढे ठेवली. त्यांनी धागा चिमटीत धरून ओढला, दातांनी चावून बघितला.

"कसलं सूत हे पोरी? मासळीवानी निसटतंय की हातातनं."

"विणता येईल का?"

"येईल का म्हन्जे? तुजा बाप असता तर असं इचारलं नसतं." मग हळूच, "पर हाय कशाला हे?"

इथे माझी पंचाईत होती. पट्टा कशासाठी हे कुणालाही सांगणार नाही, अशा कागदावर माझी सही होती. मी म्हणाले, "सरकारी कामाला." अण्णांनी मान हलवली. साहेब लोकांच्या खाटांना नवार पाहिजे असणार, असं त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं. मीही ते खोडून काढलं नाही.

पट्टा असा उतरला की बघत राहावं. दोन बोटं रुंद, काठ सुरीनं कापल्यासारखे सरळ. मी भिंगाखाली घालून हातभर-हातभर तपासला, कुठे दोष नाही. फॉर्मवर 'तपासणीचे साधन' असा रकाना होता, तिथे ऐटीत 'भिंग' लिहिलं. पहिल्या चाचणीत विमानाच्या वजनाचं लोखंडी पिंप आकाशातून सोडलं. छत्री फुलली, एक पट्टा तुटला, छत्री कलंडली आणि पिंप जमिनीत रुतलं. दुसऱ्या चाचणीला पट्टा जाड केला. पुन्हा तेच. पट्टा मधेच, जिथे तुटायचं काही कारण नव्हतं तिथे तुटला होता. परदेशवाले म्हणाले, "चादर फाटली." मी चार लोकांत रडले नाही, एवढंच त्या दिवसाचं माझं कर्तृत्व.

साहेबांनी तुटका पट्टा मला दिला. "आणि मग?" त्यांनी विचारलं. मी तो पिशवीत कोंबला आणि गाडी धरली.

सोलापूरला पोचले ती रागानं फणफणत. स्टेशनवरून टांगा केला आणि सरळ अण्णांच्या दारात. अक्का ओसरीवर विड्या वळत होत्या. अण्णा मागावर होते, तिसऱ्या चाचणीचा पट्टा विणून निम्मा झाला होता. मी तुटका पट्टा त्यांच्या पुढ्यात टाकला आणि नको ते बोलले. म्हणाले, "अण्णा, फसवलंत मला. कमी सूत घातलंत का? माझ्या वडिलांच्या जिवावर मी तुमचं नाव सांगितलं होतं."

अण्णांनी माग बंद केला. चाळीस वर्षं माग चालवलेला तो माणूस खाली बघत बसून राहिला, आणि मला तोंडातून गेलेला शब्द तेव्हाच परत घ्यावासा वाटला. पण मी तापट, आणि तापट माणसाला माफी मागायला नेहमी उशीर होतो.

बोलल्या त्या अक्का. सूप बाजूला न ठेवता त्यांनी डाव्या हातानं तुटका पट्टा ओढून घेतला आणि बोटांतून सरकवायला लागल्या. नजर माझ्यावर. "जेवलीस का न्हाई? तोंड बग कसं उतरलंय. गाडीत बसाया जागा तर मिळाली व्हती का..." आणि मधेच बोटं थांबली. "हितं गाठी हायत."

"कुठे?" मी भिंग काढलं. त्या जागी मला गुळगुळीत पट्ट्याशिवाय काही दिसेना.

"दिसत न्हाय गं. हाताला लागतंय." तुटलेल्या टोकाशी त्यांनी माझं बोट नेऊन ठेवलं. मला काही कळलं नाही. "चार... न्हाय, पाच हायत. एका वळीत." त्या पुन्हा विडी वळायला लागल्या. "पानाची जाड शीर अशीच लागती. बगायचं काम न्हाय तितं."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांची मान वर आली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, अभिमान होता. हे मी आयुष्यात विसरणार नाही.

"व्हय, हायत की पाच," ते म्हणाले. "ताण्याचं उभं पाच धागं एकदम तुटलं व्हतं. बांदलं. कुनाच्या बापाला दिसल्या? तुज्या त्या भिंगाला तरी दिसल्या का? झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. गाठ दिसली तर तो इनकर कसला?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुती धागा असता तर गाठ आवळून बसली असती. हे निसरडं सूत झटका बसला की गाठीतून सुटत होतं. एखादी गाठ चालून गेली असती, पण पाच गाठी एका रेषेत म्हणजे पट्ट्याला तिथे चीरच. खाटेच्या नवारीला यानं काही बिघडत नाही. त्यावर माणूस झोपतो, आकाशातून लटकत नाही. अण्णांनी नवार म्हणून जी सर्वांत उत्तम कारागिरी केली होती, तीच आमचा पट्टा तोडत होती. आणि हे नवार नाही, हे त्यांना सांगायला मला बंदी होती.

मी तशीच पुण्याला परतले आणि साहेबांना सगळं सांगितलं. मी केलेला आरोपसुद्धा. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "चूक विणकराची नाही. तुमचीही नाही. त्या कागदावर तुमची सही माझ्या हुकुमानं आहे. चूक माझी."

प्रयोगशाळेचा प्रमुख आपल्या सगळ्यांत धाकट्या हाताखालच्या बाईला 'चूक माझी' म्हणतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते. पुढे मी बरेच मोठे लोक पाहिले. मोठी यंत्रं बनवणारे, मोठ्या खुर्च्यांवर बसणारे. हे वाक्य त्यांतल्या फार थोड्यांना म्हणता आलं. साहेबांनी वर लिहिलं, खेटे घातले, परदेशवाल्यांचा विरोध शांतपणे ऐकून घेतला, आणि पट्टा कशासाठी आहे तेवढं विणकराला सांगायची परवानगी आणली. मला वाटलं, आता मी जाऊन सांगायचं. साहेब म्हणाले, "मी येतो."

आमची जीप गल्लीत शिरली तेव्हा अर्धी गल्ली दारात. साहेब पडवीत मागाजवळच्या पोत्यावर बसले. अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली, ती त्यांनी मन लावून खाल्ली आणि पाणी पिऊन डोळे पुसले. अण्णा अजून घुश्श्यात होते. त्यांनी पाहुण्याला दाखवायला म्हणून माग सुरू केला. थोडा चालला आणि खट्‌कन आपोआप थांबला.

"बंद का पडला?" साहेब उठून उभेच राहिले.

"बंद न्हाय पडला. धागा तुटला म्हनून थांबला." अण्णांनी दाखवलं. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची पातळ पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. "म्या झोपलो तरी थांबतंय."

साहेब गुडघ्यावर बसून त्या पत्र्याच्या पट्ट्यांकडे बघायला लागले. एवढा खूश झालेला माणूस मी क्वचित पाहिलाय. "अण्णा," ते म्हणाले, "आम्ही एक विमान करतोय. ते अगदी या मागासारखं आहे. आत कुणी नाही. कधी थांबायचं ते त्याचं ते ठरवतं. थांबलं की छत्री उघडतं. आणि ती छत्री तुमच्या या पट्ट्यांवर लटकते."

अक्कांचे हात मी जन्मात पहिल्यांदा थांबलेले पाहिले.

"आन पट्टा तुटला तर?" अण्णांनी विचारलं.

"विमान पडतं. चक्काचूर होतं."

"मग हे आदी का न्हाय सांगितलं?"

"माझं चुकलं," साहेब म्हणाले. "ज्याच्या हातात पट्टा, त्याला आधी सांगायला हवं होतं."

अण्णा उठले. आतून कात्री आणली. मागावर गुंडाळलेला तयार पट्टा, कित्येक दिवसांचं काम, त्यांनी उलगडला, ओढला आणि मधून कापून टाकला. "ह्याच्यात बी हायत," ते म्हणाले. "लई झाकल्यात म्या." मग माझ्याकडे वळून, "आता बी म्हनशील का, फसवलं म्हनून?" मी त्यांच्या पाया पडले. माफीचे शब्द मी गाडीत पाठ केले होते, त्यातला एकही आठवला नाही. अक्का म्हणाल्या, "पाया पडून पट्टा इनला जात न्हाय. बस, कांड्या भर." मी दुपारभर सूत गुंडाळून धोट्याच्या कांड्या भरल्या. त्यातल्या निम्म्या अक्कांनी पुन्हा उलगडून भरल्या आणि म्हणाल्या, "इंजिनेर झालीस, आन येवडं बी येत न्हाय."

नवा कायदा अक्कांनीच केला. प्रयोगशाळेतल्या कुणालाही तो सुचला नसता. एक गाठ आली, तर तिथे विड्या बांधायचा लाल दोरा बांधायचा, म्हणजे लपायला नको. वितीच्या आत दुसरी गाठ आली, तर तुकडा कापायचा. अण्णा विणायचे, अक्का पट्टा बोटांतून सरकवायच्या, विड्या मात्र संध्याकाळवर जायच्या. चाळीस वर्षं गाठ लपवलेल्या माणसाला ती रंगवून दाखवताना काय होत असेल, ते त्यांचा चेहराच सांगायचा. लाल दोरा बांधताना ते तोंड वाकडं करायचे, एकदा तर तेलुगूत काहीतरी पुटपुटले. अक्का हसून म्हणाल्या, "सांगू नगंस म्हन्तोय, जातभाईंना."

फॉर्मच्या 'तपासणीचे साधन' या रकान्यात मी काय लिहावं, हे मला सुचेना. साहेबांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बोटे'. परदेशवाल्यांनी त्यावर लाल पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं. साहेबांनी ते तसंच राहू दिलं.

तिसरी चाचणी मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ठेवली. ज्वारीची काढणी झालेली होती, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट. कागदावर कारण हेच होतं. खरं कारण असं की, ज्यांनी विणलं त्यांनी बघितलं पाहिजे, असा साहेबांचा हट्ट होता. अण्णा ठेवणीतलं धोतर नेसून जीपमध्ये पुढे बसले. अक्कांनी सूप बरोबर घेतलं. रिकामं कोण बसणार, म्हणाल्या.

पिंप घेऊन वैमानिकाचं मोठं विमान आलं. पोट उघडलं, पिंप सुटलं. मी घड्याळाकडे बघत होते आणि मला आकडे दिसत नव्हते. छत्री बाहेर पडली, लांब चिंधीसारखी फडफडली. "फुल की गं," अक्का म्हणाल्या, आणि ती फुलली. झटका बसला, पट्टे ताठ झाले. इथेच तुटायचा. दोन्ही वेळा इथेच तुटला होता.

तुटला नाही. पिंप हलत-डुलत, नवरीच्या मेण्यासारखं सावकाश खाली आलं आणि ढेकळांत टेकलं. बांधावरून पोरंटोरं, गुराखी, ज्वारीच्या पेंढ्या रचणारे गडी, सगळे "आलं, आलं" करत धावले. मी किंचाळले. पुढे कितीतरी यशस्वी चाचण्या झाल्या, अगदी खऱ्या विमानाच्याही. पण घशातून तसा आवाज मला पुन्हा काढता आला नाही. परदेशवाले टोपी काढून अण्णांजवळ गेले आणि म्हणाले, "चादर नव्हे हो, चिलखत आहे." तेवढ्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलं. अण्णा रडत होते आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणत होते.

छत्री जमिनीवर पसरली होती. आमची माणसं ती गुंडाळायला लागली, तोच अक्का पुढे झाल्या. त्यांनी एक पट्टा उचलला आणि सवयीनं बोटांतून सरकवायला लागल्या. छत्रीकडे लक्ष नाही, गर्दीत कोण कोण आलंय ते बघणं चालू. पहिला पट्टा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर हात थांबला.

"हितं गाठ हाय," त्या म्हणाल्या. "दोरा न्हाय हिला."

एवढ्या आनंदात हे बोलायची काय गरज होती, असं माझ्याच मनात आलं. चाचणी पार पडली होती. एकुलती एक गाठ, तिनं काही बिघडवलंही नव्हतं. कुणालाही कधी कळलं नसतं.

"माजीच हाय," अण्णा म्हणाले. डोळे अजून ओले. "ही आजारी व्हती त्या दिशी. बांदली, आन... लई बेस बसली व्हती. दोरा बांदाया मन झालं न्हाय. झाकली."

साहेब त्या दोघांकडे बघत होते. मला वाटलं, आता हे काहीतरी मोठं बोलणार. ते नेहमीचंच बोलले.

"आणि मग?"

"मग काय," अक्का म्हणाल्या. कमरेची पिशवी सोडली, विडीचा लाल दोरा काढला, आणि भर रानात, विमानं बनवणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांच्या देखत, खाली बसून त्या गाठीवर तो बांधला. दातांनी तोडला. मग पट्टा नवऱ्याच्या हातात दिला.

अण्णांनी तो वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.